रस्त्याएवढी जाड रेघ

मित्रांनो, तुमचा पत्ता कुणी विचारला तर तुम्ही पटकन सांगाल. माझं तसं नाही. मी सारं आयुष्य थॉर्नबेक शहरातल्या ऑल्डर रोडवर काढलं, तरी मी नक्की कुठला, हे मला सांगता येत नाही. ते का, हे समजावून सांगायचा प्रयत्न करतो. मधेच माझा गोंधळ उडाला तर सांभाळून घ्या.

भिंतींना कागद चिकटवणारे कारागीर ज्यावर कागद पसरून खळ लावतात, ते घडीचं टेबल म्हणजे मी. लांबट आणि अरुंद. वर पातळ फळी, खाली काटकुळे पाय, बंद करायला पितळेचा आकडा. घडी घातली की मी एखाद्या मोठ्या सुटकेससारखा दिसतो. कालव्याकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्यासारखी ढीगभर टेबलं रोज बनत आणि दुकानोदुकानी जात. मला सिरिल अंबलर नावाच्या तरुण कारागिराने विकत घेतलं. त्याने आधी माझे पाय हलवून पाहिले, मग फळीला कान लावून बोटाने टकटक केली आणि दुकानदाराला म्हणाला, "हा टिकेल." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

सिरिलबरोबर मी शहरातल्या घराघरांत गेलो. तेव्हा थॉर्नबेकमध्ये लोकरीच्या गिरण्या धडधडत होत्या. गिरणीतली माणसं लग्न ठरलं की पुढच्या खोलीला गुलाबाच्या फुलांचा कागद लावून घेत. युद्धानंतर आलेलं युक्रेनी कुटुंब फिकट कागद पसंत करी आणि देवाच्या तसबिरीचा कोपरा मोकळा सोडायला सांगे. आयरिश बाईंना हिरवी वेल हवी असे. मग मीरपूरकडची माणसं गिरणीकामाला आली. आधी नुसते पुरुषच. एकेका घरात दहा-दहा जण राहत. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणात रात्रपाळीवाला झोपे. त्यांना कागदाचं काय? पण पुढे त्यांच्या बायका आल्या, आणि सोनेरी नक्षीच्या कागदांना एकदम मागणी आली. सिरिल जुने कागद खरवडायचा तेव्हा खालून दुसरे निघायचे, त्यांच्याखाली तिसरे. एकाच भिंतीत इतकी माणसं राहून गेलेली पाहून मी चकित व्हायचो.

माझं दुसरं काम चार-पाच वर्षांतून एकदा यायचं.

सिरिलची बायको विनी लाल पक्षाची कार्यकर्ती होती. या देशात निवडणुकीला कार्यकर्ते छातीवर आपल्या पक्षाच्या रंगाच्या फितीचं फूल लावतात. लाल, निळं, पिवळं. मतदानाच्या दिवशी विनीची पुढची खोली म्हणजे आमच्या भागाची लाल कचेरी. त्या दिवशी सिरिल मला गरम पाण्याने धुऊन पुसायचा आणि खोलीच्या मधोमध उघडायचा. माझ्यावर कागद पसरले जायचे. मतदान व्हायचं त्या शाळेच्या दाराशी तिन्ही रंगांची माणसं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसायची आणि मत देऊन येणाऱ्याला त्याचा मतदार क्रमांक विचारायची. ते आकडे धावतपळत माझ्याकडे यायचे. जे अजून मतदानाला गेले नसतील त्यांच्या दारावर जाऊन विनीची माणसं थाप मारायची. "चला, मावशी! चहा नंतर घ्या, मत आधी द्या!"

एका वर्षी तर विनीने थॉर्नबेक उत्तर मतदारसंघाचा नकाशाच माझ्या पाठीवर चिकटवून टाकला. भिंतीला लावायच्याच खळीने, वरून वार्निश फिरवून. "रस्ते कुठे पळून जाणार आहेत?" ती म्हणाली. तेव्हापासून मी कागदही पेलले आणि मतदारसंघही पेलला.

पण पेलला म्हणून तो समजला, असं म्हणता येणार नाही. गुलाबाचा कागद लावणारे लाल, असं मी पाठ केलं होतं. तर टेकडीवरच्या बागेजवळ राहणाऱ्या श्रीमंत निळ्यांनीही गुलाबच लावले. गिरणीतले मजूर लाल, असं विनी सांगे. तर त्याच गिरणीतला मुकादम निळं फूल लावून फिरे. बहुतेक वेळा निळे जिंकत, थोडक्यात. एकदा पोटनिवडणुकीत पिवळे जिंकले. कसे, ते कुणालाच कळलं नाही, पिवळ्यांनाही नाही. पुढच्या खेपेला ते गेले. मग गिरण्या बंद पडल्या, युक्रेनी कुटुंबाची मुलं दूर गेली, चर्चच्या जागी गालिच्यांचं दुकान आलं. माणसं बदलली तरी निकाल तोच, आणि माणसं तीच असताना निकाल वेगळा! मी लाकडाचा आहे, मित्रांनो. माझं डोकं किती चालणार?

समोरच्या घरात गुलजार बीबी राहायची. तिचा नवरा करमदाद लोकर विंचरायच्या गिरणीत रात्रपाळी करून करून थकला आणि लवकर गेला. तिची मुलगी तस्नीम दवाखान्यात बाळंतपणं करायची. आमच्या रस्त्यावरची निम्मी पोरं तिच्या हातावर जगात आली होती. अशा तस्नीमला लाल पक्षाने थॉर्नबेक उत्तरची उमेदवारी दिली, तेव्हा विनीने आनंदाने माझ्यावर अशी थाप मारली की माझा एक पाय निसटला.

"गुलजार, अगं, चाळीस वर्षं मी परक्या माणसांसाठी दारं ठोठावली," ती म्हणाली. "कुणी लंडनहून आलेले, कुणी कुठून. या वेळी आपल्या रस्त्याची पोर आहे. ही जागा मला माझ्या गुडघ्यांनी साथ सोडायच्या आत लाल झालेली बघायची आहे."

"बाजी, मला जागाबिगा कळत नाही," गुलजार बीबी म्हणाली. थोरल्या बहिणीसारखी म्हणून ती विनीला बाजी म्हणे. "मला फक्त एकदा माझ्या लेकीच्या नावापुढे फुली मारायची आहे. तिच्या अब्बाने तिचं नाव ठेवलं होतं."

त्या वर्षी मतदारसंघांची नवी आखणी झाली होती. लोक एका भागात वाढतात, दुसऱ्यात घटतात, म्हणून अधूनमधून सीमा हलवतात म्हणे. कालव्यापलीकडच्या जुन्या गिरण्यांचे फ्लॅट झाले होते. ते आमच्याकडे आले. आणि आमची दक्षिण सीमा ऑल्डर रोडच्या मध्यावरून जाणार, असं जाहीर झालं. विनीने लाल खडूपेन्सिल घेतली आणि माझ्या पाठीवर ऑल्डर रोडवरून जोरात रेघ ओढली. मला गुदगुल्या झाल्या. रेघ छान ठसठशीत आली होती. अगदी रस्त्याएवढी जाड.

पुढे मुख्य कचेरीतून मतदारांचे कागद आले, तर त्यांत ऑल्डर रोडची फक्त विषम क्रमांकांची घरं, म्हणजे आमची बाजू. समोरची सम क्रमांकांची बाजू गायब. विनी फणकारली.

"बघा! पुन्हा अर्धा रस्ता विसरले मेले! मागच्या खेपेला अख्खी चर्च लेन खाल्ली होती."

"फोन करून विचार तरी," सिरिल तंबाखूचा पाइप साफ करत म्हणाला. तो आता म्हातारा झाला होता. हल्ली लोक भिंतींना नुसता पांढरा रंग देत, त्यामुळे त्याला काम नव्हतं, आणि मलाही.

"कुणाला विचारू? उचलतात का ते फोन? सम बाजू मला तोंडपाठ आहे."

कालव्यापलीकडच्या फ्लॅटांचे कागद मात्र तिने बाजूला सारले. "तिथली पोरं दुपारपर्यंत झोपतात. वेळ उरला तर बघू."

मतदानाचा दिवस उजाडला. गुलजार बीबीने परातभर समोसे पाठवले. विनीच्या माणसांनी सकाळपासून सम बाजूची दारं अशी काही ठोठावली, की पूर्वी कधी घराबाहेर न पडलेलेसुद्धा शाळेत जाऊन आले. "लाल फुलाचं चिन्ह शोधा आणि फुली मारा," एवढंच विनी प्रत्येकाला सांगत होती. लोक जात होते, हसत परत येत होते. माझ्यावर खुणांमागून खुणा पडत होत्या. विनी गुणगुणत होती. मलाही वाटलं, आपल्या पाठीवर आज काहीतरी जिंकलं जातंय.

दुपारी चहाच्या वेळेला गुलजार बीबी आत आली. तिने नवा दुपट्टा घेतला होता, पण चेहरा उतरला होता.

"बाजी, माझ्या लेकीचं नाव कुणीतरी काढून टाकलं."

विनी हसली. "अगं, चष्मा घरी राहिला असेल."

"चष्मा नाकावर होता. मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. लाल फुलापुढे कुणी लँगडन आहे. माझी तस्नीम कुठेच नाही."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? कोरा कागद घडी घालून पेटीत टाकला. माझ्या पोरीचं नाव नाही, तर माझी फुलीही नाही."

इतकी माणसं सकाळपासून जाऊन आली होती. त्यांतल्या कुणीही नाव वाचलं नव्हतं. चिन्ह दिसलं, फुली मारली. नाव शोधलं ते एका आईने.

एवढ्यात दारावर टकटक झाली. उंबऱ्यावर मिस्टर क्रॅबट्री उभे होते. छातीवर निळं फूल, हातात टोपी. सकाळपासून ते शाळेच्या दाराशी निळ्यांच्या खुर्चीवर होते. तसे तर गेली तीस वर्षं ते तिथेच होते.

"मिसेस अंबलर, आत येऊ का?" त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. "आधी तो नकाशा झाका. मला दिसला तर मी बघणार, आणि बघितला तर आमच्या लोकांना सांगणार. त्यापेक्षा झाकलेला बरा."

विनीने माझ्यावर टेबलक्लॉथ टाकला. यापुढचं मी अंधारात ऐकलं.

"या बाईंना रडत जाताना पाहिलं, म्हणून आलो," क्रॅबट्री म्हणाले. "सीमा रस्त्याच्या मध्यावरून आहे. विषम बाजू उत्तरेत राहिली. सम बाजू आता 'थॉर्नबेक दक्षिण आणि मूरसाइड' या मतदारसंघात, तिथले लाल उमेदवार लँगडन. शाळा एकच, पण आत टेबलं दोन आहेत. तुम्ही सकाळपासून दक्षिणेची माणसं बाहेर काढताय."

कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" विनीचा आवाज चढला. "सकाळपासून मजा बघत बसलात?"

"सकाळी मला वाटलं, तुम्ही लँगडनचंही काम करताय. म्हटलं, बाईंचा उत्साह दांडगा आहे! या बाईंचं रडणं पाहिलं तेव्हा उलगडलं."

"सांगून तुमचाच तोटा केलात."

"तुम्हाला हरवायचं तर धड हरवायचं. अशी फुकटची जीत माझ्या घशाखाली उतरत नाही." मग जरा थांबून, "तो समोसा आहे का?"

"घ्या," गुलजार बीबी रडतच म्हणाली. "तो कुठल्याही मतदारसंघात चालतो."

ते गेल्यावर विनीने टेबलक्लॉथ ओढला. सिरिल माझ्यावर वाकला. त्याने त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"विनी, रेघ ओढली तर तिच्या कुठल्या अंगाने कापायचं, ते आधी ठरवावं लागतं. तुझी रेघ तर रस्त्याएवढी जाड."

"आता शिकवतोस?" विनी ओरडली आणि मग एकदम खाली बसली. "सिरिल, मी तिच्या आईचंच मत घालवलं की रे."

"माझं मत तुम्ही नाही घालवलं, बाजी," गुलजार बीबीने डोळे पुसले आणि दुपट्टा खोचला. "ते तिकडच्या टेबलाचं होतं. उठा. शाळा अजून बंद झालेली नाही. ती कालव्यापलीकडची घरं कुणाची आहेत?"

"आपली," विनी म्हणाली. "उत्तरेची."

"मग चला ना. मला मत नाही, पण हात आहे. दार ठोठावायला कुणाची परवानगी लागते?"

दोघी निघाल्या, एक गुडघे धरून आणि दुसरी उरलेल्या समोशांची परात घेऊन. त्या फ्लॅटांत काय घडलं ते मी पाहिलं नाही. नंतर ऐकलं, की तिथे परिचारिका, विद्यार्थी, पोलंडची आणि रोमानियाची माणसं राहतात. त्यांच्या दारावर त्याआधी कुणीच थाप मारली नव्हती. एकजण म्हणाला, "तुम्ही सामान पोचवायला आलात का?" गुलजार बीबी म्हणाली, "नाही. मी उमेदवाराची आई आहे. समोसा खा आणि माझ्या लेकीला मत दे. मला देता आलं नाही." पुष्कळ जण उठून गेले म्हणे. पण सगळ्या दारांपर्यंत पोचेपर्यंत शाळेला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनी मतमोजणीहून परतली आणि कोट न काढता माझ्यापाशी बसली. तस्नीम हरली होती. एका बसमध्ये मावतील एवढ्याच मतांनी. आदल्या दिवशी दक्षिणेच्या टेबलाकडे धाडलेली माणसं तर दोन बस भरतील एवढी होती. तेवढीच मेहनत सकाळपासून कालव्यापलीकडे केली असती, तर?

आणि मग रेडिओने दुसरी बातमी दिली. थॉर्नबेक दक्षिण आणि मूरसाइडमध्ये लाल पक्षाचे मिस्टर लँगडन निवडून आले होते. अर्ध्या बसच्या फरकाने! ते हरणार म्हणून सगळे धरून चालले होते, ते स्वतःसुद्धा. ऑल्डर रोडच्या सम बाजूने एवढं मतदान कसं केलं, याचं त्यांना मोठं कोडं पडलं होतं.

मित्रांनो, तेव्हा मी काय समजावं? आम्ही जिंकलो होतो की हरलो होतो? विनी एका डोळ्याने रडत होती आणि दुसऱ्याने हसत होती.

त्याच दुपारी लँगडन फुलं घेऊन ऑल्डर रोडवर आले. उंच, लाजाळू गृहस्थ. आधी ते विनीकडे आले, मग सगळे मिळून समोर गेले. तिथलं बोलणं मी नंतर सिरिलच्या तोंडून ऐकलं. तस्नीम आईच्या स्वयंपाकघरात होती. रात्रभर जागलेली, डोळे सुजलेले. तिने फुलं घेतली.

"मी तुमचे आभार कसे मानू, कळत नाही," लँगडन म्हणाले.

"मला कळतं," तस्नीम म्हणाली. "या रस्त्यावरचं ग्रंथालय बंद झालंय. लोकांना तक्रार घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागतं. दर शुक्रवारी इथल्या सभागृहात येऊन बसा. ही माणसं चुकून तुम्हाला मिळाली आहेत. त्यांना सांभाळा."

"सभागृहात टेबलही नाही," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा सिरिलने मान वर केली. "टेबल आहे."

अशा तऱ्हेने मी रस्ता ओलांडला. त्याआधी विनीने कोमट पाणी आणि खरवडणी घेऊन माझ्या पाठीवरचा नकाशा उतरवला. फार जपून उतरवला. वार्निश निघत नव्हतं. शेवटी थोडेसे तुकडे राहिलेच, मध्येच एखादी गल्ली, कालव्याचा एक निळा तुकडा. त्यांना जोडून बघितलं तर कुठलाच मतदारसंघ होत नाही.

आता दर शुक्रवारी मी सम बाजूच्या सभागृहात उघडतो. माझ्यापलीकडे लँगडन बसतात, अलीकडे माणसं. कुणाच्या घराला बुरशी, कुणाच्या नवऱ्याचे कागद अडकलेले, कुणाच्या पोराला शाळा मिळत नाही. इथे खासदारांचा एक कडक नियम आहे. दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम घ्यायचं नाही. त्याने आपल्या खासदाराकडेच जावं.

हिवाळ्यात एकदा विनी काठी टेकत आली. तिच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. विषम बाजूच्या फुटपाथवरचा दिवा कितीतरी दिवस बंद होता, आणि अंधारात ती पडली होती. उत्तरेच्या निळ्या खासदारांना तिने दोन पत्रं लिहिली होती. उत्तर नव्हतं.

लँगडननी सगळं ऐकलं. त्यांना फार वाईट वाटलं. "मिसेस अंबलर, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते मी विसरलेलो नाही. पण दिवा विषम बाजूचा आहे. ते माझं क्षेत्र नाही. मी हात घातला तर नियम मोडेल."

विनीने मान हलवली. नियम तिलाही पाठ होता. ती काठी सावरून उठू लागली.

तेवढ्यात रांगेत मागे बसलेली गुलजार बीबी पुढे आली आणि विनीच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुन्हा बसवलं.

"साहेब, मी सम बाजूची. तुमचीच मतदार. आता माझी तक्रार घ्या."

"बोला ना."

"माझ्या खिडकीसमोर अंधार आहे."

लँगडननी चष्म्यावरून पाहिलं. "पण तो दिवा तर..."

"दिवा त्या बाजूचा असेल, साहेब. अंधार मला माझ्या बाजूने दिसतो."

लँगडननी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या पाठीवर, तिथे उरलेल्या कालव्याच्या निळ्या तुकड्याशेजारी कागद ठेवून लिहायला सुरुवात केली. दिवा कधी लागला, ते मला माहीत नाही. मला खिडकीतून बाहेरचं दिसत नाही. पण त्या संध्याकाळी दोघी एकमेकींच्या हाताला धरून रस्त्याच्या मधोमधून घरी गेल्या, असं झाडणाऱ्या बाईंनी सांगितलं.

मी अजूनही गोंधळलेलाच आहे, मित्रांनो. मी उत्तरेत जन्मलो, दक्षिणेत काम करतो, आणि पाठीवर दोन्हीकडचे थोडे थोडे तुकडे घेऊन उभा आहे. पण म्हातारपणी एक मागणं मात्र मला स्पष्ट कळतं. मला उचलायला कुणी एकटं येऊ नका. एका बाजूने ओढलं की दुसरीकडचे पाय मोडतात. एकाने या टोकाला धरा, दुसऱ्याने त्या टोकाला. मग मला कुठेही न्या.